कर्मवीर दादासाहेब गायकवाड : नाव सभागृहाला, वारसा कुणाला?

नाशिक शहरात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाचे सभागृह आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील भूमिहीन कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची शासकीय योजनाही त्यांच्याच नावाने चालते. जयंतीला प्रतिमेस हार पडतो आणि आपण कर्तव्यमुक्त होतो. परंतु ज्यांच्या नावाचा आपण गजर करतो त्यांच्या कार्याचा नेमका वारसा कोणता, हा प्रश्न निवासी शाळेच्या या स्मरणिकेत विचारणे मला अगत्याचे वाटते.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. गावाने जन्म दिला. नाशिकने कर्मभूमी दिली. 2 मार्च 1930 रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रह समितीचे चिटणीसपद सत्तावीस वर्षांच्या भाऊरावांकडे होते. 125 पुरुष आणि 25 स्त्रिया मंदिराच्या चार दरवाजांवर ठाण मांडून बसल्या, तो पहिला दिवस इतिहासाने नोंदवून ठेवला. तथापि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यापुढची वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी लंडनला जावे लागले. इकडे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या सत्याग्रहींची व्यवस्था, तुरुंगात गेलेल्यांची विचारपूस, गावोगावच्या बहिष्काराला तोंड देणे, हे सारे स्थानिक कार्यकर्त्यांच्या बळावर चालले. त्यांचा आधारस्तंभ दादासाहेब होते.

बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. त्यांतील 3 मार्च 1934 चे पत्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. आपल्या लोकांना मूर्तिपूजक बनविण्यासाठी हा लढा नव्हता, तर त्यांच्यात चेतना जागवण्यासाठी होता, असा त्या पत्राचा आशय आहे. मंदिरप्रवेशाचा लढा थांबवून राजकारण व शिक्षण यांवर शक्ती केंद्रित करावी, असा सल्लाही त्यात आहे. चार वर्षे ज्या लढ्यासाठी रक्त आटवले, तो थांबवण्याचा आदेश दादासाहेबांनी निष्ठेने स्वीकारला. 1935 साली येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हाही ते बाबासाहेबांच्या पाठीशी खंबीरपणे उभे होते.

महापरिनिर्वाणानंतर त्यांची खरी कसोटी लागली. 1957 साली नाशिकमधून ते लोकसभेवर निवडून गेले. 1962 ते 1968 या काळात राज्यसभेत होते. दिल्लीत बसूनही त्यांचे लक्ष गावकुसाबाहेरच्या भूमिहीन शेतमजुराकडे होते. 1959 चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि 6 डिसेंबर 1964 पासूनचा देशव्यापी लढा ही त्याची साक्ष होय. या लढ्यात लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पडीक व गायरान जमीन कसणाऱ्याला मिळावी, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, बौद्धांना सवलती मिळाव्यात, अशा त्यांच्या मागण्या होत्या. तैलचित्र आणि केंद्रातील सवलती यांना 1990 साल उजाडावे लागले. दादासाहेबांचे निधन मात्र 29 डिसेंबर 1971 रोजीच झाले होते. जमिनीचा प्रश्न तर आजही पुरता सुटलेला नाही.

त्यांच्यावर टीका झाली, हे लपवण्याचे कारण नाही. पक्षातील काही सुशिक्षित सहकाऱ्यांना त्यांचे धोतर आणि ग्रामीण वळण खटकत असे. पुढे काँग्रेसशी केलेल्या युतीवरही आक्षेप घेतले गेले. त्या युतीने पक्षाचे स्वतंत्र अस्तित्व क्षीण झाले, हा आक्षेप मलाही बराचसा रास्त वाटतो. परंतु जमिनीचा प्रश्न काढणे म्हणजे आंबेडकरी विचारांपासून ढळणे, हा आरोप मला मुळीच मान्य नाही. ज्याच्या पोटाची चावी गावच्या जमीनदाराच्या हाती, तो स्वाभिमानाने कसा बोलणार? हे दादासाहेबांना कोणत्याही पदवीविना उमगले होते.

आपल्या शाळेत येणारी बहुतेक मुले शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची आहेत. त्यांच्यातून अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक घडले, याचा मला सार्थ अभिमान आहे. मात्र पदवीनंतर गावाची वाट विसरणारेही त्यांच्यातच आहेत. माजी विद्यार्थ्यांना माझी नम्र विनंती आहे : वर्षातून एकदा तरी आपल्या गावी जा. भूमिहीन कुटुंबाला योजनेचा अर्ज भरण्यास व जातीचा दाखला मिळवण्यास मदत करा. एका मुलाच्या शिक्षणाचा भार उचला. ही कामे वर्तमानपत्रात छापून येणार नाहीत. चिटणीसाची कामे सहसा येतही नाहीत. परंतु चळवळ त्यांच्यावरच उभी राहते. अशा कामातूनच कर्मवीरांचा वारसा पुढे जाईल.

त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम!