विश्लेषण : संगणक वारंवार बंद पडतो… ‘विंडोज मारण्या’आधी ड्रायव्हर का तपासायला हवा?

जुलै संपत आला की मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारण 31 जुलैची असते. नेमका त्याच वेळी पडदा निळा होतो, संगणक आपोआप रीस्टार्ट होतो आणि ‘उद्या या’ असे उत्तर मिळते. तळणीहून एसटीने आलेल्या शेतकऱ्याचा दिवस आणि भाडे दोन्ही वाया जाते. दुरुस्तीवाला येतो, ‘विंडोज मारून’ देतो. त्यात जपून न ठेवलेल्या फायली जातात आणि आठवडाभरात पडदा पुन्हा निळा होऊ शकतो. कारण मूळ दोष अनेकदा जुनाट ड्रायव्हरमध्ये असतो आणि विंडोजबरोबर तोच ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो.

ड्रायव्हर म्हणजे काय?

प्रिंटर, वायफाय, ग्राफिक्स कार्ड, अंगठ्याचे यंत्र हे सारे वेगवेगळ्या कंपन्यांचे असते. विंडोज आणि ही उपकरणे यांच्यातला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. साधे अॅप चुकले तर तेवढे अॅप बंद पडते. मात्र ग्राफिक्स, वायफाय, डिस्क यांचे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये काम करतात. तिथे चूक झाली की माहिती खराब होऊ नये म्हणून विंडोज सगळेच काम थांबवते. हाच तो निळा पडदा. विंडोज 11च्या नव्या आवृत्तीत तो काळा दिसतो. विंडोज अपडेट होत राहते, ड्रायव्हर मात्र जुनाच राहतो आणि दोघांचा मेळ बिघडतो.

दोष ड्रायव्हरचाच, हे कसे ओळखावे?

पडद्यावर स्टॉप कोड येतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. कोडमध्ये ‘ड्रायव्हर’ हा शब्द असेल किंवा खाली ‘.एसवायएस’ने संपणारे फाइलचे नाव असेल, तर संशय ड्रायव्हरवर जातो. ठरावीक काम करतानाच संगणक बंद पडत असेल, उदाहरणार्थ प्रिंट देताना किंवा व्हिडिओ लावताना, तर त्या उपकरणापासून तपास सुरू करावा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. पिवळा त्रिकोण दिसला तर तिथे अडचण आहे. शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ टाइप केल्यास कोणत्या तारखेपासून बिघाड सुरू झाला आणि त्याआधी काय बदलले, याची नोंद मिळते. प्रत्येक वेळी वेगळा कोड, वेगळी वेळ असेल तर मात्र रॅम, डिस्क, पंख्यातली धूळ आणि विजेचा दाब तपासावा. प्रत्येक बिघाड ड्रायव्हरच्या माथी मारणेही चूकच.

दुरुस्तीचा क्रम काय असावा?

आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. संगणक सुरूच राहत नसेल तर ‘सेफ मोड’ वापरावा. त्यात मोजकेच ड्रायव्हर चालतात. बिघाड नव्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागची आवृत्ती आणता येते. ड्रायव्हर जुना असेल तर ‘रिस्टोअर पॉइंट’ तयार करून, मॉडेल क्रमांक पाहून, उपकरणाच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच नवा घ्यावा. एका वेळी एकच ड्रायव्हर बदलावा आणि दिवसभर काम करून पाहावे. ‘एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणाऱ्या फुकट अॅपपासून दूर राहावे. चुकीचा ड्रायव्हर किंवा व्हायरस गळ्यात पडू शकतो. अंगठ्याच्या यंत्राला ड्रायव्हरबरोबर आधारसाठीची ‘आरडी सर्व्हिस’ही चालू लागते. अंगठा लागत नाही म्हणून शेतकऱ्याला दहादा बोट पुसायला लावण्याआधी एवढे पाहिलेले बरे.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’

या म्हणण्यात तथ्य आहे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये चालत होता आणि त्याने वाचलेली फाइल सदोष होती. कित्येक संगणक सेफ मोडमध्ये नेऊन ती फाइल हाताने काढावी लागली. म्हणजे अपडेट न करणे जसे धोक्याचे, तसे डोळे झाकून करणेही. प्रश्न अपडेट करावे की नाही हा नाही. ते कधी करावे आणि परतीची वाट ठेवली आहे का, हा आहे. हे काम मे महिन्यात व्हायला हवे, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे.

जबाबदारी कोणाची?

आज सारा भार केंद्रचालकावर पडतो. विम्याच्या एका अर्जामागे त्याला ठरावीक मानधन मिळते; वीज, इंटरनेट, कागद आणि दुरुस्ती त्यातूनच. त्यात विंडोज 10चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. अनेक जुने संगणक विंडोज 11च्या अटींत बसत नाहीत आणि जुन्या यंत्रांसाठी कंपन्या नवे ड्रायव्हर काढतीलच असे नाही. सेवा ऑनलाइनच घ्या, असा आग्रह शासन धरत असेल तर ती सेवा चालवणाऱ्या संगणकाची काळजीही योजनेचाच भाग मानायला हवी. कोणते यंत्र आणि कोणता ड्रायव्हर चालेल, याची मराठीतील यादी हंगामाआधी चालकांच्या हाती पडावी. तालुक्याला तपासणीचा एक दिवस ठरावा. संगणक बिघाडाने अर्ज अडला तर रांगेतल्या माणसाची नोंद घेऊन त्याला मुदतीचा लाभ मिळावा. विमा हुकला तर नुकसान संगणकाचे होत नाही, ते सोयाबीनच्या शेतात भोगावे लागते.