बॅटरीचे पाणी औषधात नको

काही महिन्यांपूर्वी आमच्या चिकित्सालयात एका रुग्णाच्या आश्च्योतनासाठी त्रिफळा क्वाथाची सिद्धता चालू होती. 'शुद्ध पाणी आणा' असे सांगताच साहाय्यकाने मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून 'डिस्टिल्ड वॉटर'चा डबा आणून ठेवला. डब्यावर बारीक अक्षरांत 'बॅटरीसाठी' असे छापलेले होते. ते वेळीच वाचले गेले, हे आमचे सुदैव. पुढे परिचित वैद्यांकडे सहज चौकशी केली असता असाच डबा त्यांपैकी काहींच्या औषधशाळेतही आढळला. म्हणून हा लेखनप्रपंच.

ऊर्ध्वपातन आपल्याला नवे नाही. अर्कयंत्रात पाण्याची वाफ वर जाते, थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि क्षार मागे राहतात. सूर्याच्या उष्णतेने घडणारे आंतरिक्ष जलही याच न्यायाचे. सुश्रुताचार्यांनी त्याचे गांग व सामुद्र असे भेद सांगितले आणि चांदीच्या पात्रातील भाताच्या पिंडावरून परीक्षा करण्यास सांगितले. आकाशातून आले एवढ्यावरच ते ग्राह्य मानले नाही. हाच विवेक आज डब्याच्या बाबतीत हवा.

बाजारातील अनेक डब्यांतील पाणी ऊर्ध्वपातित नसते. ते आयन-विनिमय रेझिनमधून काढलेले असते. या क्रियेने क्षार जातात. जंतू मात्र जातीलच असे नाही, उलट रेझिनच्या थरात ते वाढूही शकतात. बॅटरीच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०६९ आहे. त्यातील मर्यादा क्लोराइड, लोह आदींपासून शिशाच्या पट्ट्यांचे रक्षण व्हावे म्हणून आहेत, डोळ्याच्या रक्षणासाठी नव्हेत.

या पाण्याला आम्ही त्याज्य म्हणत नाही. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांत त्याचे स्थान निश्चित आहे. ऑटोक्लेव्हमध्येही क्षारविरहित पाणी वापरल्यास चुन्याचा थर बसत नाही. पोटात घ्यावयाच्या क्वाथासाठी स्वच्छ, पिण्यायोग्य व मृदू पाणी पुरेसे आहे. परंतु नेत्रकल्पांसाठी औषधी दर्जाचे, निर्जंतुक व मोहोरबंद पाणीच घेतले पाहिजे. तसेच तयार पाण्यात सुगंधी अर्क-सत्त्व मिसळून त्यास 'अर्क' म्हणणे हा शास्त्राचा व रुग्णाचा, दोघांचाही अपराध होय.

औषधशाळाचालक व विक्रेते बंधूंना आमची विनंती आहे की, डबा घेताना दर्जा, बॅच क्रमांक आणि तारीख पाहावी व नोंदवहीत लिहावी. उघडा डबा पुन्हा वापरू नये. ऊर्ध्वपातित जलही हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते. क्वाथातील द्रव्यांची आपण कसून परीक्षा करतो. त्या क्वाथात द्रव्यांहून कितीतरी अधिक पडणारे पाणी मात्र न तपासता घेतो. ही उपेक्षा आता थांबावी, असे आम्हांस मनापासून वाटते.