श्वानाचा विमानप्रवास : कागद आधी, तिकीट नंतर

ऑपेरा हाऊसचा हिरेबाजार वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. परंतु त्याच्याही आधीपासून आपल्यातील कित्येक घरांचे एक पाऊल गिरगावात आणि दुसरे अँटवर्पमध्ये आहे. मुलाने तिकडची पेढी सांभाळायचे ठरले की घर, शाळा, व्हिसा यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. घरात वाढलेल्या लॅब्राडॉरचा विषय मात्र सामान बांधताना निघतो. तोवर उशीर झालेला असतो आणि त्याचा भार मुक्या जिवावर पडतो.

पतपत्रातील एका तारखेचा मेळ बसला नाही तर बँक कागद परत करते, हे निर्यातदारांना सांगायला नको. श्वानाच्या कागदांचेही तसेच आहे. भारतातून युरोपीय संघात न्यायचे तर प्रथम मायक्रोचिप बसवावी आणि त्यानंतरच रेबीजची लस द्यावी. चिपेआधीची लस हिशेबात धरली जात नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना संघमान्य प्रयोगशाळेत जातो. नमुना समाधानकारक ठरला तरी तो घेतल्या दिवसापासून ३ महिने थांबावे लागते. म्हणजे सारे सुरळीत झाले तरी चार महिने! शेवटी, प्रवासाच्या तोंडावर, केंद्र सरकारच्या पशु संगरोध कार्यालयाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते.

दुसरी गोष्ट पिंजऱ्याची. मोठा श्वान विमानाच्या मालकक्षातून जातो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे 'आयाटा'च्या, नियमांत मापाचे सोपे गणित आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवावी. ती पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही त्याची रुंदी. उंची इतकी, की डोके न वाकवता श्वान उभा राहील. ९० सेंमी लांब, कोपरापर्यंत ३४ सेंमी उंच आणि खांद्यांशी २८ सेंमी रुंद श्वानाला १०७ सेंमी लांब, ५६ सेंमी रुंद पिंजरा हवा. एवढा पिंजरा लहान विमानाच्या मालकक्षाच्या दारातून जाईलच असे नाही. म्हणून आरक्षणापूर्वी विमानाचा प्रकार विचारून घ्यावा. पिंजरा महिनाभर आधी घरात उघडा ठेवून त्यातच झोपण्याची सवय लावावी.

प्रवासात श्वान शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देण्याचा मोह होतो, तो टाळावा. अशा औषधाने रक्तदाब उतरतो आणि शरीराची उष्णता आवरण्याची शक्ती घटते. श्वान धापा टाकूनच अंग थंड करतो; म्हणून पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना विमानप्रवास धोक्याचा असतो. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. तेथील किंवा आपल्या नेहमीच्या पशुवैद्यांकडून तिकिटापूर्वी तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांनी नको म्हटले, तर ते ऐकावे. वयोवृद्ध श्वानाला ओळखीच्या जिन्यात, ओळखीच्या माणसाजवळ ठेवणे हीही जबाबदारीच होय. मात्र त्या माणसाची संमती आधी घ्यावी आणि औषधपाण्याचा खर्च दरमहा न मागता पाठवावा. न्यायचेच असेल आणि चार महिने भरायचे असतील, तर घरातील एकाने मागे राहावे आणि मागाहून त्याला घेऊन जावे.

यासाठी एकच नियम पुरे : मुलाच्या व्हिसाचा अर्ज ज्या दिवशी भराल, त्याच दिवशी श्वानाच्या चिपेची वेळ घ्यावी.