व्यापारात शिरलात, आता वही धरा!



काही दिवसांपूर्वी एका तालुक्याच्या गावचे एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. वडिलांपर्यंत चालत आलेली गावकीची कामे या घराने टाकून दिली आणि स्टँडजवळ रंग, खिळे, पाइप, सिमेंट विकण्याचे दुकान थाटले. दुकान चालते. सकाळपासून रात्री नऊपर्यंत गिऱ्हाईक हटत नाही. तरीही घाऊक व्यापाऱ्याचे देणे भागविण्यासाठी त्यांना पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या होत्या. एका बांधकाम ठेकेदाराकडून 86,000 रुपये येणे होते; त्याच्यावर दावा लावावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आम्ही त्यांची वही पाहावयास मागितली. त्यांनी पिशवीतून एक डायरी काढली. तीत ठेकेदाराचे नाव होते, आकडे होते. परंतु तारखा तुरळक होत्या आणि सही एकही नव्हती. आठवून आठवून तारखा जुळविल्या, तेव्हा शेवटचा माल देऊन तीन वर्षे व दोन महिने लोटल्याचे निघाले. ते येणे कायद्याच्या दृष्टीने मुदतबाह्य झाले होते. ठेकेदाराने पैसे नाकारले नव्हते. तो केवळ ‘पुढच्या महिन्यात’ असे गोड शब्दांत सांगत राहिला आणि आमचे हे बंधू भिडेपोटी गप्प राहिले. कष्ट खरे, माल खरा, येणेही खरे. परंतु न्यायासनापुढे ठेवावयास कागद नाही! आम्हांस त्या दिवशी फार वाईट वाटले, आणि रागही आला.

यास्तव हा कायदा प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावा. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उधार दिलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्याच्या दिवसापासून ही तीन वर्षे मोजतात. मात्र ती संपण्यापूर्वी ऋणकोने ‘इतकी बाकी मला मान्य आहे’ असे लिहून खाली सही केली, तर त्या तारखेपासून पुन्हा नवी तीन वर्षे मिळतात. तोंडी कबुलीने ती मिळत नाहीत. शिवाय नुसत्या आपल्या वहीतील नोंदीवरून दुसऱ्यावर देणे शाबीत होत नाही. वही नियमित ठेवलेली असली तर पुराव्यात येते, परंतु जोडीला माल पोचल्याची सही, बिल, बँकेतील भरणा असे काहीतरी हवे. ‘सही मागितली तर माणूस दुखावेल’ असे तुम्ही म्हणाल. जो सहीने दुखावतो, त्याला उधार देऊ नका.

आता त्याच डायरीतील दुसरी गोष्ट. गल्ल्यात पडलेला रुपया हे गृहस्थ आपला समजत. त्यातूनच मुलाची फी, पाहुण्यांचा चहा, मोटारसायकलचा हप्ता. परंतु शंभर रुपयांच्या विक्रीत 85 रुपये मालाचे असतात. ते घाऊक व्यापाऱ्याचे आहेत, तुमचे नव्हेत. उरलेल्या 15 रुपयांतून बाकीचे सारे निघावयाचे. हिशेब करून पाहा. दुकानभाडे 6,000, वीज 1,500, मदतीच्या पोराचा पगार 9,000, आणि तुमच्या स्वतःच्या मेहनतीचा पगार 15,000. मिळून महिना 31,500 रुपये. एवढे निघावयास महिन्याला 2,10,000 रुपयांची, म्हणजे रोज 7,000 रुपयांची विक्री झाली पाहिजे. त्याच्या खालचा प्रत्येक दिवस तुम्ही भांडवल खात आहात. आणि शेजारच्या दुकानाशी चढाओढ म्हणून शंभराचा माल सत्याण्णवला देऊ लागलात, की हाच आकडा रोज सुमारे 8,500 वर जातो. तीन रुपयांची सूट गिऱ्हाइकाला लहान दिसते. तुम्हांस ती नफ्याचा पाचवा हिस्सा होय.

स्वतःचा पगार ठरवून घ्या आणि तेवढाच घरी न्या. घरातील बाईमाणसाने रोजमेळ लिहिला तर उत्तमच. आमच्या पाहण्यात ज्या दुकानांची वही बायका लिहितात, तेथे भीड कमी आणि शिल्लक अधिक आढळते.

पैशांची ओढाताण झाली की बाजारात रोजाने वसुली करणारा माणूस दाराशी हजर असतो. तो 9,000 रुपये हातावर ठेवतो आणि शंभर दिवस रोज 100 रुपये नेतो. हजार रुपयेच जास्त गेले, असे आपणांस वाटते. परंतु फेड पहिल्याच दिवसापासून सुरू असल्यामुळे सरासरीने त्याचे साडेचार हजारच तुमच्याकडे राहतात, आणि व्याजाचा दर वर्षाला ऐंशी टक्क्यांच्या घरात जातो. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी नियमन कायद्यान्वये परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवाना दाखव, असे म्हणावयास शिका.

याला पर्याय नाही असे नाही. 2015 पासून मुद्रा योजनेत 50,000 रुपयांपर्यंतचे शिशु व 5 लाखांपर्यंतचे किशोर कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला असल्यामुळे, पात्र कुटुंबांना महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे दारही ठोठावता येते. पण तेथेही पहिला प्रश्न हाच येतो : हिशेब कोठे आहे? विक्री बँकेतून गेलेली नसेल, वही नसेल, तर अधिकारी तुमची मेहनत कशावरून ओळखणार? काही ठिकाणी आडनाव पाहून कागद बाजूला पडतो, हे आम्ही जाणतो आणि त्याविरुद्ध लढलेही पाहिजे. परंतु अपुऱ्या कागदाचे निमित्त त्यांच्या हाती आपण होऊन कशाला द्यावे?

ज्यांचे कारखाने वा कारागिरीची दुकाने आहेत, जे शिवण, फर्निचर, चामड्याच्या वस्तू बनवून मोठ्या गिऱ्हाइकांस पुरवितात, त्यांनी उद्यम नोंदणी काम घेण्यापूर्वीच करावी. ती निःशुल्क आहे. दलालाला पैसे देऊ नका. 2006 च्या कायद्याने अशा सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे खरेदीदाराने करारातील मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारास हे संरक्षण नाही. त्याने सहीवरच भिस्त ठेवावी.

डॉ. बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, हे आपण सभांतून अभिमानाने सांगतो. आपल्याच गल्ल्यातील रुपयाचा प्रश्न मात्र आपण वर्षानुवर्षे उघडून पाहत नाही!

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांचे 86,000 रुपये अजून पूर्ण बुडालेले नाहीत. मुदत गेलेल्या देण्याबद्दलही ऋणकोने नव्याने ‘देतो’ असे लेखी वचन सहीनिशी दिले, तर ते करार कायद्याने बांधते. तसा कागद तयार करून आम्ही त्यांच्या हाती दिला आहे. ठेकेदार सही करील की नाही, हे आता त्याच्या मनावर आहे. तुमची पाळी तशी येऊ नये. आज रात्री दुकान बंद केल्यावर उधारीची वही काढा, दोन वर्षांहून जुनी झालेली नावे एका कागदावर उतरवून घ्या, आणि येत्या रविवारी सहीसाठी प्रथम त्यांच्याच दारी जा.