सावळ्या मुलीचा फोटो



गेल्या पंधरवड्यात आमच्या मंडळीतील एक गृहस्थ मुलीच्या लग्नाविषयी बोलावयास आले व स्थळाकडे पाठवावयाचा फोटो त्यांनी मेजावर ठेविला. मुलीस आम्ही तिच्या पहिल्या कम्युनियनपासून ओळखतो. तरी फोटोतील चेहरा आम्हांस चटकन ओळखता आला नाही, इतकी फोटोवाल्याने तिला गोरी करून टाकिली होती! "फादर, सावळा रंग दिसला की लोक पुढे बोलतच नाहीत," असे ते गृहस्थ खालमानेने म्हणाले.

आम्ही त्यांस जी हकीकत सांगितली, तीच येथे देत आहो.

न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन भागात १९३८ साली क्वामे ब्रॅथवेट ह्यांचा जन्म झाला. आईबाप बार्बाडोस बेटावरून आलेले. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल ह्या अवघ्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णी मुलाचा गोऱ्यांनी निर्घृण वध केला. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवविली, आणि त्या छिन्नविच्छिन्न मुखाचे छायाचित्र 'जेट' साप्ताहिकात छापून आले. ते पाहून ब्रॅथवेट हादरले, आणि छायाचित्रात केवढे बळ असते हे त्यांस उमगले.

त्या काळी कृष्णवर्णी स्त्रिया तापविलेल्या कंगव्याने आपले कुरळे केस सरळ करून घेत. त्यांच्याच समाजाच्या मासिकांत रंग उजळविणाऱ्या मलमांच्या जाहिराती येत. म्हणजे अपमान बाहेरून येई तो येईच, वर घरातील आरसाही तोच पाठ पढवी. (आमच्या खेड्यांतील किती आरसे ह्याहून वेगळे बोलतात?)

ब्रॅथवेट व त्यांचे बंधू एलोम्बे ह्यांनी मित्रांसह १९५६ साली कलावंतांची एक मंडळी उभारिली होती. ह्या मंडळीने २८ जानेवारी १९६२ रोजी हार्लेम वस्तीतील 'पर्पल मॅनर' नामक जागी वेषभूषेचा एक कार्यक्रम केला. फॅशन हा शब्द ऐकताच आमच्या कपाळास आठ्या पडतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. परंतु येथे प्रकार निराळा होता. 'ग्रँडअसा मॉडेल्स' ह्या नावाने ज्या मुली पुढे आल्या, त्या गडद वर्णाच्या, केस जन्मतः जसे तसेच ठेवलेल्या, अंगावर आफ्रिकी धाटणीची वस्त्रे. गर्दी इतकी लोटली की त्याच रात्री कार्यक्रम दुसऱ्यांदा करावा लागला. 'काळे ते सुंदर' हे घोषवाक्य लोकांच्या तोंडी बसविण्यात ब्रॅथवेट ह्यांच्या छायाचित्रांचा मोठा वाटा आहे. मण्यांचा शिरोभूषणवजा साज ल्यालेल्या त्यांच्या पत्नी सिकोलो ह्यांचे चित्र तर एखाद्या राणीचे वाटावे.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार बोचली. कोडॅक कंपनी रंगीत छपाई जुळविण्यासाठी जे नमुनापत्रक छायाचित्रशाळांस धाडीत असे, त्यावर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. तिचा वर्ण नीट उतरला की काम चोख झाले! काळा चेहरा अंधारात बुडाला तरी दोष चेहऱ्याचाच.

ब्रॅथवेट २०२३ साली पंचाऐंशीव्या वर्षी निवर्तले. त्याआधी, २०१९ पासून, त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन अमेरिकेतील संग्रहालयांतून फिरले.

हे सारे ऐकून गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तो फोटो पाकिटात परत घातला व विचारले, "मग स्थळाकडे काय पाठवू, फादर?" येत्या रविवारी मिस्सानंतर मुलीने चर्चच्या पायऱ्यांवर सकाळच्या उन्हात उभे राहावे, असे ठरले आहे. कॅमेरा आमच्या भाच्याचा आहे.