टपाखालची चांदी

गेल्या शनिवारी बाबांची पद्मिनी कुशनवाल्याकडे नेली. सीलिंगचं कापड लोंबायला लागलं होतं. ते उतरवतोच आहोत, तर टपाला आतून ऊन आणि आवाज अडवणारं काहीतरी लावून घेऊ, एवढाच साधा बेत. सल्ला लगेच मिळाला. "साहेब, चांदीवाली शीट मारू पूर्ण टपाला. गरमी पण बंद, आवाज पण बंद." दर ऐकून आधी माझाच आवाज बंद झाला.

पैशाचं सोडा हो. दोन वेगळे बग आणि दोघांना एकच पॅच, हे कुठल्या रिव्ह्यूमध्ये पास होईल?

आवाज म्हणजे थरथरणारा पत्रा. त्यावर ब्यूटिल रबराची जड शीट चिकटवली की थरथर मरते. त्यासाठी सगळा टप मढवायची गरज नाही. मधल्या मोकळ्या पत्र्याचा पाव भाग झाकला तरी बराचसा फरक पडतो. टिचकी मारून बघा, 'टण्ण'चं 'थप्प' झालं की थांबा. बाकीचं म्हणजे गाडीच्या डोक्यावर फुकटचं वजन.

उष्णतेचं गणित निराळं. पातळ ब्यूटिल ती फारशी अडवत नाही. मग वरची चांदी? ती काम करते, पण तिच्यासमोर हवेची फट असेल तरच. कापड तिला चिकटलं की उरते फक्त शोभा. खरी उष्णता अडते ती फोमच्या बंद छिद्रांत कोंडलेल्या हवेमुळे. एसीच्या पाइपावर काळं रबरी वेष्टण असतं ना, त्याच जातीची शीट घ्यायची. पद्मिनीचं सीलिंग तारांवर ताणलेलं असतं, त्यामुळे वर थोडी फट आयतीच मिळते.

"त्यापेक्षा सोफ्याचा फोम स्वस्त," असं कोणी म्हणालं तर तिथून पळा. तो पाणी पितो. गार रात्री पत्र्याला आतून दव सुटतं, फोम ते धरून ठेवतो आणि कापडामागे गंज निवांत वाढतो. गच्चीवरचं डांबरी शीटही नको. उन्हात मऊ होऊन वास मारतं, सुटूनही येतं.

इतका कीस का? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. गाडीचं उत्पादन तर त्याच्या कितीतरी आधीच बंद पडलं. सीलिंगचं कापड कधीही बदलता येईल. कुजलेला टप कुठून आणू?

शेवटी गंज खरवडून प्रायमर, ब्यूटिलचे चार तुकडे, वर काळा फोम, एवढंच करून घेतलं. काचांतून येणारं ऊन येणारच, त्यावर टपाकडे इलाज नाही.

पण एक सांगतो. गेले दोन उन्हाळे बाबा स्वतःच्या गाडीला नाही म्हणून रिक्षा बोलवायचे. काल भर दुपारी मागच्या सीटवर चक्क घोरत होते. तो आवाज मात्र बंद करायचा नाहीये.