चष्मा पुसावा की धुवावा?



आमच्या वस्तीतील एक आजी परवा म्हणाल्या, "नंबर वाढला वाटतं रे बाबा. सुईत दोरा जाईना, वीजबिलावरचा ३ की ८ तेही कळेना." नव्या चष्म्यासाठी त्या गोधड्या शिवून पैसे साठवत होत्या. त्यांचा चष्मा उजेडाकडे धरून पाहिला, तर काचेवर तेलकट थर आणि त्याखाली बारीक रेघांचे जाळे. साबणाच्या पाण्याने थर निघाला आणि आजींनी तिथेच दोरा ओवला. रेघा मात्र निघाल्या नाहीत. त्या पडल्या होत्या त्यांच्याच पदराने.

पूर्वी चष्म्याला खरी काच असे. आता बहुतेक भिंगे प्लॅस्टिकची असतात. ती हलकी असतात, सहसा फुटत नाहीत, पण लवकर चरे पडतात. धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात आणि ते प्लॅस्टिकपेक्षा खूप कठीण. कोरड्या भिंगावर पदर, ओढणी किंवा शर्टाचे टोक घासले की हेच कण पॉलिशपेपरचे काम करतात. तोंडाची वाफ देऊन पुसले तरी धूळ वाहून जात नाही, ती तिथेच घासली जाते.

म्हणून चष्मा आधी धुवावा, मग पुसावा. हात स्वच्छ करा. नळाच्या साध्या पाण्याखाली चष्मा धरा; नळ नसेल तर तांब्याने धार सोडा. दोन्ही भिंगांवर भांड्यांच्या पातळ साबणाचा एकेक थेंब घेऊन बोटाने हळुवार चोळा. दांड्या आणि नाकावर टेकणारा भागही धुवा, कारण घाम व तेल तिथेच साठते. पाणी झटकून मऊ, धुतलेल्या सुती कापडाने टिपा. भांड्यांची पावडर किंवा राख कधीही लावू नका. कढत पाणीही नको, त्याने भिंगावरचा लेप खराब होतो.

दुकानात मिळणारी फवाऱ्याची बाटली घेतलीच पाहिजे असे नाही. प्रवासात ती सोयीची पडते. घ्यायची तर चष्म्यासाठीचीच घ्या. आरसे-खिडक्या पुसण्याच्या द्रवात बहुधा अमोनिया असतो, नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात अ‍ॅसिटोन. दोन्हींनी नुकसान होते. टूथपेस्टने चरे जातात हा गैरसमज आहे. उलट त्याने नवे चरे पडतात. चष्म्यासोबत मिळालेले मऊ कापडही साबणाने धूत जा, नाहीतर त्यातली धूळच भिंगावर फिरते.

चष्मा काढला की भिंगे वर करून ठेवा, नाहीतर सरळ त्याच्या घरात ठेवा. शेगडीजवळ किंवा उन्हात ठेवू नका.

आणि एक महत्त्वाचे. धुतल्यावरही धूसर दिसत असेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील, तर दोष चष्म्याचा नसूही शकतो. डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. मधुमेह असणाऱ्यांनी तर त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळे दाखवावेत. मूल वही नाकाशी धरून वाचत असेल तर रागावू नका, त्याला तपासायला न्या.

आजींनी जमवलेले पैसे तूर्त त्यांच्याच गाठीला राहिले आहेत. डोळे दाखवायला मात्र त्या येत्या सोमवारी जाणार आहेत.